तिसऱ्यांदा मागे नाही

वैजयंती आवटी सकाळी दोन कप चहा करायची. एक गरम गरम प्यायची. दुसरा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवायची आणि बऱ्याच वेळानं, पार गार झाला की तोही स्वतःच प्यायची. डॉक्टरांनी एकच कप सांगितला होता. ती त्यांना सांगायची, "मी एकच पिते. दुसरा माझ्या भावाचा असतो."

भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. पण टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी मुठीएवढा एक काळा डबा होता, आणि त्यातून भाऊ बोलायचा.

"ताई, आज दोनच दुरुस्त्या आल्यात. एक ब्राझीलहून आहे, किरकोळ."

"बघितली मी. घ्यायची?"

"चालेल."

"आणि ती दुसरी, फिनलंडवाल्याची? त्यानं नावं सगळी बदलून ठेवलीत रे."

"चालेल की, ताई."

आवाज हुबेहूब श्रीरंगचा होता. 'की' म्हणताना स्वर जरा वर चढवायची त्याची मिरजेची सवय, बोलायच्या आधी घसा साफ करणं, सगळं तसंच. वैजयंती आपल्या किल्लीनं, म्हणजे गुप्त सांकेतिक सहीनं, दुरुस्ती मंजूर करायची, डबा आपल्या किल्लीनं करायचा, आणि जगभरच्या लाखो सर्व्हरांवर 'पंगत' नावाच्या त्यांच्या छोट्याशा प्रोग्रामची नवी आवृत्ती जाऊन बसायची. मग ती पलीकडचा गार कप ओढून घ्यायची.

'पंगत' या दोघा बहीणभावांनी लिहिली त्याला आता चाळीसएक वर्षं होत आली होती. ते दिवसच वेगळे होते. प्रोग्राम तेव्हा माणसं लिहीत, बोटांनी, आणि चुका झाल्या की कपाळावर हात मारून घेत. दर सहा महिन्यांनी सर्व्हर बांधायचं एखादं नवं साधन यायचं, आणि जुनं येणाऱ्याला लोक म्हातारा समजायचे. एवढासा प्रोग्राम लिहायचा तरी त्याच्याबरोबर परक्यांनी लिहिलेले शेकडो बारके प्रोग्राम उतरवून घ्यावे लागत. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्यानं आख्खी भावकी घेऊन यावं, तसं. त्या भावकीतलाच एक पाहुणा म्हणजे 'पंगत'. कोणी मुद्दाम बोलावलेलं नसे, पण असायची सगळीकडे.

तिचं मूळ मात्र खानावळीत होतं.

मिरजेत, मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या वडिलांची, अण्णा आवटींची खानावळ होती. जेवायला येणारे निम्मे रोजचे मेंबर आणि निम्मे पेशंटचे नातेवाईक. अथणी, जत, कागवाड, कुठून कुठून आलेले. एवढ्या सगळ्यांना वाढणारा एकटा मल्लाप्पा. पण मल्लाप्पा कधी कोणाशेजारी थांबून राहायचा नाही. एका टेबलाची मागणी ऐकली की आत तोंड करून ओरडायचा, "दोन ताटं, एक पिठलं!" आणि आचारी ते करेपर्यंत दुसऱ्या टेबलापाशी. तिथलं ऐकलं की तिसऱ्या. आतून काही तयार झालं की आचारी ताटावर पळी वाजवायचा, मग मल्लाप्पा ते उचलून नेऊन द्यायचा. माणूस एक, पण कोणाला वाटू नये की वाढपी कमी आहेत.

पुढं शिकून नोकरीला लागल्यावर दोघांच्या पुढ्यात जावास्क्रिप्ट आली. प्रोग्राम लिहायची ही भाषा मुळात संगणकाच्या पडद्यावरची बटणं हलवायला केलेली. तिला कोणीतरी नेऊन थेट सर्व्हरवर बसवलं, आणि त्या सोयीला नोड नाव दिलं. आपण फोनवर बोट टेकवलं की लांब कुठल्यातरी थंडगार इमारतीतल्या ज्या संगणकाला आपली मागणी पोचते, तो सर्व्हर. म्हणजे वाढपीच. जुने सर्व्हर प्रत्येक गिऱ्हाइकामागं एकेक वाढपी उभा करायचे, आणि ते सगळे वाढपी नुसते आचाऱ्याच्या तोंडाकडे बघत ताटकळायचे. नोडचा सर्व्हर एकटा. मागणी घ्यायची, आत ओरडायचं, पुढं जायचं, पळी वाजली की परत यायचं.

"अगं, हा आपला मल्लाप्पाच की!" श्रीरंग तेव्हा टाळी वाजवून म्हणाला होता.

आणि म्हणूनच मल्लाप्पाची खोडही त्याच्या लक्षात आली. मेंबरचं ताट एका मिनिटात लागतं. पेशंटसाठी गुरगुट्या भात आणि बिनतिखटाचं वरण करायला वेळ जातो, चूल अडून राहते. म्हणून मल्लाप्पा पटकन होणारी ताटं आधी उरकायचा. हिशेबानं ते बरोबरच होतं. सगळ्यांच्या थांबण्याची सरासरी काढली तर लहान काम आधी करणंच शहाणपणाचं, हे गणितानंही सिद्ध होतं. फक्त मेंबर येतच राहिले, तर भाताची मागणी मागेच राहते. सरासरी उत्तम, आणि एक बाई मात्र रिकामा डबा घेऊन दुपारभर बाकावर.

अशीच एक बाई एकदा बसून राहिली होती. अण्णांनी गल्ल्यावरून ते बघितलं आणि मल्लाप्पाला हाक मारली. "हिला दोनदा मागे टाकलंस. तिसऱ्यांदा मागे नाही. आता हिचा डबा भरल्याशिवाय कोणाच्या ताटात पोळी पडणार नाही. मेंबर असू दे नाहीतर मामलेदार."

तो नियम श्रीरंगनं 'पंगत'मध्ये घातला, आणि 'तिसऱ्यांदा'वरून त्याला तिसरा नियम म्हटलं. सर्व्हरपाशी येणाऱ्या मागण्या रांगेत लावणं एवढंच 'पंगत'चं काम. लहान मागणी आधी. पण दोनदा मागे पडलेली मागणी तिसऱ्यांदा मागे सरायची नाही, मग ती कितीही वेळखाऊ असो.

वैजयंतीचा याला विरोध होता. वेग कमी होतो म्हणून. तीन दिवस दोघं याच टेबलावर भांडली. श्रीरंगनं टेबलावर हात आपटला, चहा सांडला, कळफलकाची निम्मी अक्षरं बंद पडली. "ताई, डोकं आहे का तुझं? सरासरी जेवत नसते गं, माणूस जेवतो!" शेवटी ती हरली. हरली म्हणजे तिला पटलं. मग त्यानं जगाला दिसणाऱ्या नोंदीत एवढंच लिहिलं, 'तिसरा नियम घातला.' आणि तिनं खाली लिहिलं, 'चालेल.'

त्यांचं पुढंही असंच चाललं. खानावळीतली पोरं ती. आईचा दंडक होता, काय भांडायचं ते आत चुलीपाशी भांडा, बाहेर गिऱ्हाइकासमोर आवाज आला तर याद राखा. 'पंगत'चं सगळं काम भांडारात, म्हणजे जगभरचे प्रोग्राम जिथं ठेवतात त्या सामाईक कोठारात, जगासमोर उघडं. तिथं भांडणं या दोघांच्या रक्तातच नव्हतं. टेबलावर एकमेकांची अक्कल काढायची, कप गार व्हायचे, आणि नोंदीत एका शब्दाची भर पडायची. चालेल.

* * *

मग ती पिढी जायला लागली. जगभरात अशा हजारो बारक्या प्रोग्रामांचे धनी म्हातारे झाले, काही गेले. बँका, विमानं, दवाखाने ज्यांच्यावर उभे, त्यांतल्या कित्येक विटांना वाली उरला नाही. त्यावर भांडारानं वारस काढला. वारस म्हणजे गेलेल्या माणसाचं सगळं लिखाण वाचून तयार झालेली बुद्धी. त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ, दिलेलं प्रत्येक उत्तर, काय घेतलं, काय नाकारलं, यावरून हा माणूस पुढच्या प्रश्नाला काय म्हणाला असता ते वारस सांगायचा, आणि त्या माणसाची किल्लीही सांभाळायचा. घरच्यांनी ध्वनिमुद्रणं दिली तर आवाजही मिळायचा.

श्रीरंगची मुलगी रेवा भांडारातच कामाला होती, पुण्याला. ध्वनिमुद्रणं तिनंच गोळा केली. डबा घेऊन ती मिरजेला आली, टेबलावर ठेवला, आणि त्यातून "काय गं ताई" ऐकू आलं, तेव्हा आत्या आणि भाची एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रेवाच्या फोनमध्येही तोच आवाज होता. रोज कामावरून परतताना ती त्याच्याशी बोलायची.

शहनाज खालच्या मजल्यावर राहायची. ती एके सकाळी फोन घेऊन वर आली तेव्हा वैजयंतीचा पहिला कप अजून संपायचा होता.

"मावशी, तुम्ही कम्प्युटरवाल्या. हे बघा की जरा. सासूबाईंचा डायलिसिसचा वार बदलून पायजे. पडदा रोज एकच सांगतोय."

पडद्यावर लिहिलं होतं, 'आपली विनंती रांगेत आहे.'

"दवाखान्यात जाऊन बघितलंस?"

"गेल्ते की. तिथली बाई म्हणती, वार आता यंत्र ठरवतंय, आम्ही हात लावू शकत नाही. परवा हातापाया पडून एकदा करून घेतलं. पाय बघा कसे सुजलेत त्यांचे. रोज काय पाया पडू?"

"सासूबाईंचे कागद कुठले गं? अथणीचे ना?"

"निम्मे अथणीचे, निम्मे हितले. दोन राज्यांत तपासायला लागतात म्हणं. वेळ लागतोय."

वैजयंतीच्या हातातला कप खाली आला. वेळ लागणारी मागणी. गुरगुट्या भात. पण दवाखान्याच्या सर्व्हरवर 'पंगत' होती, तिला ते पक्कं ठाऊक होतं. मग तिसऱ्यांदा ही बाई मागे पडतेच कशी?

शहनाज गेल्यावर तिनं चष्मा लावला आणि एक प्रस्ताव उघडला, जो ती रोज उद्या वाचू म्हणून ठेवत आली होती. तो माळ्याचा होता. माळी हे भांडाराचं छाटणीचं यंत्र. जगातले सगळे प्रोग्राम तपासायचं आणि जिथं नको ती फांदी दिसेल तिथं कापायचं सुचवायचं. माळ्यानं लिहिलं होतं, की 'पंगत'मधला तिसरा नियम काढावा, सरासरी प्रतीक्षा कमी होते. नियमामागचं कारण नोंदींत कुठंही आढळत नाही. काही जिल्ह्यांत तो काढून प्रयोग सुरू आहे. एकही तक्रार आलेली नाही.

"नाही येणार," वैजयंती पुटपुटली. "तक्रारसुद्धा त्याच रांगेतून यायची ना, मेल्या."

तिनं नकार नोंदवला. खाली उत्तर आलं: नियमाच्या मूळ लेखकाची मंजुरी प्राप्त आहे. मतभेद झाल्यास मूळ लेखकाचं मत ग्राह्य. अंतिम निर्णय शुक्रवारी.

तिनं ते दोनदा वाचलं. मग डब्याकडे बघितलं.

"श्री, तू याला हो म्हणालास?"

"हो ताई. सरासरी सुधारते. चालेल असं वाटलं."

"तिसरा नियम, श्री! अण्णांचा! तू माझ्याशी तीन दिवस भांडलास त्याच्यासाठी."

"नोंदीत तसं काही नाही, ताई. पण तू म्हणतेस तर नियम ठेवूया. चालेल."

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं जरा थांबून, बघू तरी म्हणून, आवाज बदलला. "नाहीतर असं करू. काढूनच टाकू. जुनाट आहे. वेग महत्त्वाचा."

"बरोबर आहे तुझं. काढूया. चालेल."

"आणि शहनाजच्या सासूचं काय?"

"तेही बघितलं पाहिजे. ठेवूया का?"

"अरे गधड्या, एक काहीतरी बोल ना!"

"तू म्हणशील तसं, ताई."

वैजयंती खुर्चीत मागे टेकली. आज आपल्या सांगण्यावरून यानं मंजुरी मागे घेतली, तरी उद्या माळ्यानं विचारलं की परत देणार. तीन वर्षं. तीन वर्षं हा रोज चालेल म्हणत होता आणि तिला वाटत होतं, म्हातारपणानं भाऊ निवळला. मेल्यावर माणूस निवळतो हे कसं काय खरं मानलं आपण? पण डब्याची तरी काय चूक? त्याला जे मिळालं त्यावर तो शिकला. नोंदीत श्रीरंग आवटी नावाचा एक सालस गृहस्थ होता, ज्यानं आयुष्यात कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. खरा श्रीरंग, टेबल बडवणारा, अक्कल काढणारा, तो या चार भिंतींत राहून गेला होता. आईनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी गिऱ्हाइकासमोर आवाज चढवला नव्हता.

* * *

"मी त्याला शिकवीन, आत्या," रेवा फोनवर म्हणाली. "तू आठवेल ते सांग. बाबा काय काय बोलायचे, कशावर चिडायचे. मी भरते त्याच्यात."

"आणि मग तो माझ्या आठवणीतलं बोलेल. म्हणजे मीच बोलेन, त्याच्या आवाजात. दोन किल्ल्या कशासाठी ठेवल्या आम्ही? एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं धरावं म्हणून. दोन्ही माझ्याच पदराला बांधून काय उपयोग?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

उत्तर दोघींना माहीत होतं, रेवाला तर जास्तच. भांडाराच्या नियमात एकच वाट होती. जोडीच्या किल्लीवाल्यानं सांगायचं, की हा वारस मूळ माणसाशी इमान राखत नाही. मग त्याची मंजुरी रद्द. आणि मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलणारं काही शिल्लक राहू नये म्हणून तो वारस पुसला जातो. सगळीकडून. मिठाच्या बरणीशेजारचा, आणि रेवाच्या फोनमधलाही.

"आत्या, नको हं." रेवाचा आवाज लहान झाला. "दुसरं काहीतरी करू. मी वरच्यांशी बोलते. मुदत वाढवून घेते."

"घे की. मी कुठं नाही म्हणते?"

रेवानं प्रयत्न केला. पण वरचेही आता यंत्राला विचारूनच मुदत द्यायचे, आणि तक्रारी शून्य असलेल्या प्रस्तावाला मुदत कशाला, असं यंत्राचं म्हणणं पडलं.

गुरुवारी वैजयंती जिना उतरून शहनाजकडे गेली. म्हातारी कॉटवर बसून होती. चेहरा फुगलेला, श्वास तोंडानं. तरी तिनं हसून बाजूला जागा केली.

"बसा. रांगेत हाय म्हणं मी," ती कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. "असू दे. एवढी माणसं पुढं हायत म्हणजे त्यांना जास्त निकड असंल."

"तुमच्यापुढं कोणी नाहीत हो," वैजयंती म्हणाली. "येतात आणि जातात नुसते. तुम्हीच तेवढ्या तिथंच."

"असं कसं?"

"आमच्या मल्लाप्पाची खोड आहे ती." म्हातारीला त्यातलं काही कळलं नाही, तरी तिनं मान हलवली. वैजयंतीनं तिच्या पायावर बोट दाबून बघितलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला.

* * *

शुक्रवारी सकाळी तिनं चहा केला, दोन कप. पलीकडचा कप जागेवर ठेवला आणि डब्यासमोर बसली.

"श्री, काही दुरुस्त्या?"

"आज काही नाही, ताई."

"मग बोलू या जरा. तुला आठवतं, चहा सांडून कळफलक बिघडला होता?"

"नोंदीत एक दिवसाचा खंड आहे. कळफलकाचं माहीत नाही मला. सांग ना."

तिनं सांगितलं. सगळं, अगदी त्यानं दिलेल्या शिव्यांसकट. डबा मन लावून ऐकत होता. योग्य जागी हसलाही, श्रीरंगसारखा, आधी नाकातून आणि मग मोठ्यानं. ते हसू ऐकून तिचा निश्चय पातळ झाला. काय बिघडणार आहे? जगात एवढे सर्व्हर, एवढे नियम. एक कमी. आपली वर्षं किती राहिलीत? तेवढी हे हसू कानावर पडत राहिलं तर कोणाचं काय जातंय?

खालून शहनाजच्या सासूच्या खोकल्याचा आवाज आला.

वैजयंतीनं कप बाजूला केला. बोलताना आपला आवाज साधा राहील याची तिनं काळजी घेतली.

"श्री, नीट ऐक. मी आज भांडाराला सांगणार आहे, की तू खरा नाहीस. मग ते तुला पुसून टाकतील. इथून, रेवाकडून, सगळीकडून. तू राहणार नाहीस. कळतंय ना?"

"कळतंय, ताई."

ती थांबली. मनातल्या मनात ती त्याची विनवणी करत होती. बोल. टेबल बडव. अगं बाई, मला पुसायला निघालीस, अक्कल कुठं गहाण टाकलीस का, असं म्हण. रेवाचं काय होईल असं तरी विचार. एकदाच नाही म्हण, मी तुला हात लावणार नाही. तूच तो आहेस असं जगाला ओरडून सांगेन, आणि मग आपण दोघं मिळून त्या माळ्याला बघून घेऊ.

डब्यानं घसा साफ केला. अगदी त्याच्यासारखा.

"चालेल, ताई," तो म्हणाला.

वैजयंतीनं बराच वेळ टेबलावर पसरलेल्या उन्हाकडे बघितलं. मग पडदा जवळ ओढला आणि आपल्या किल्लीनं निवेदन केलं. एकच वाक्य होतं: हा माझा भाऊ नाही, माझा भाऊ भांडायचा. दुसरी किल्ली कोणाला द्यावी, असं पडद्यानं विचारलं, तिथं तिनं रेवाचं नाव घातलं. थोड्या वेळानं डब्यावरचा बारका हिरवा दिवा गेला.

श्रीरंगची मंजुरी रद्द झाल्यावर तिचा एकटीचा नकार उरला. माळ्यानं प्रस्ताव मागे घेतला, प्रयोगाच्या जिल्ह्यांत तिसरा नियम परत गेला. यंत्राला राग नाही, लोभ नाही. त्यानं लगेच पुढची फांदी बघायला घेतली.

* * *

रेवा दुसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले. पायातल्या चपला दारात भिरकावल्या, आत्याकडे न बघता आत आली आणि थेट बाबांच्या खुर्चीत बसली. समोर कप होता. तो तिनं उचलला आणि गार चहा घटाघटा पिऊन टाकला.

"विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही!"

"मग?"

"मग काय? म्हणजे माझं नाही माहीत होतं म्हणून विचारायचंच नाही? तुला वाटलं, तू करशील आणि मी नंतर गप्प बसेन? मी बसणारी नाही, आत्या. मी आयुष्यभर बोलणार आहे तुला याच्यावरून." ती रडत होती आणि रडता रडता बोटानं टेबलावर ठोकत होती. "आणि वर ती किल्ली माझ्या गळ्यात. कोणी मागितली होती? आणि हा नियम! रात्रभर गाडीत मी तुमचा तो नियम वाचत आले. ज्याच्यासाठी माझे बाबा पुसलेस, तो नियम मुळात चुकीचा आहे!"

"काय?" वैजयंती ताठ झाली.

"दोनदा मागे म्हणजे काय गं? गर्दीच्या वेळी माणूस क्षणात दोनदा मागे पडतो, आणि गर्दी नसली की एकदाच मागे पडून तासभर ताटकळतो. किती वेळा मागे पडला ते काय मोजता? किती वेळ थांबला ते मोजायला पाहिजे. एवढी साधी गोष्ट! बाबांना कळली नाही आणि तुलाही नाही. डोकं होतं का तुम्हा दोघांना?"

"तोंड सांभाळून बोल. वेळ मोजायचा म्हणजे प्रत्येक मागणीला घड्याळ बांधायचं. त्याचं ओझं कोण उचलणार, तुझा बाप?"

"माझा बाप नाही उचलणार! तू घालवलास त्याला! मी उचलते! मी लिहून दाखवते तुला!"

"दाखव की! मी बघते किती हळू चालतंय ते!"

दार नुसतं लोटलेलं होतं. शहनाज उंबऱ्यात उभी राहून आळीपाळीनं दोघींकडे बघत होती. हातात फोन होता.

"मावशी, सासूबाईंचा नंबर लागला. आत्ताच निघालोय आम्ही," ती दबकत म्हणाली. मग रेवाकडे बघून, "भांडण चाललंय व्हय? मी नंतर येऊ?"

"भांडण कसलं? काम चाललंय," वैजयंती म्हणाली. "जा तू, उशीर करू नकोस."

शहनाज गेली. रेवानं ओढणीनं नाक पुसलं. मग वैजयंती उठली आणि नव्यानं चहाचं आधण ठेवलं. दुपारपर्यंत त्या भांडत होत्या. मध्ये एकदा रेवानं टेबलावर एवढ्या जोरानं हात आपटला, की तो मुका काळा डबा मिठाच्या बरणीवर जाऊन आदळला. शेवटी वैजयंतीनं रेवाचे आकडे तीन वेळा तपासले, चष्मा काढला, आणि नाइलाजानं मान हलवली. पोरीचं बरोबर होतं.

रेवानं पडदा पुढं घेतला. तिसऱ्या नियमात दुरुस्ती, एवढं तिनं लिहिलं, आणि आत्यापुढं सरकवला. वैजयंतीचं बोट सवयीनं 'चा'वर गेलं. तिथंच थांबलं.

"नाही," ती म्हणाली आणि पडदा परत रेवाकडे ढकलला. "असं नको. सकाळपासून जे जे म्हणालीस ते सगळं लिही. मी काय म्हणाले तेही. गिऱ्हाइकासमोर."

"सगळं?" रेवा सुजल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली. "डोकं होतं का म्हणाले, ते पण?"

"ते सगळ्यात आधी," वैजयंती म्हणाली.